सागाला पानं आल्यावर

जुलैमध्ये गोव्यातल्या वाळपईच्या पुढच्या एका कुळागरातून, म्हणजे पोफळीच्या बागेतून, फोन आला. "पुता, तू लावलेलं यंत्र चालत नाही रे. उद्या साडेअकराला बायची ऑनलाइन मुलाखत आहे." काकी चिडल्या नव्हत्या, म्हणूनच जास्त लागलं. ते वायरलेस कनेक्शन घ्या असं एप्रिलमध्ये मीच त्यांना सांगितलं होतं.

मी मूळचा फायबरवाला. नऊ वर्षं खांबांवरून केबल ओढतोय. 2023 मध्ये घरांसाठी फाइव्ह-जीची वायरलेस कनेक्शनं आली, तेव्हापासून आमचा ठेकेदार तीही घेतो. काकींचं घर आमच्या शेवटच्या स्प्लिटर पेटीपासून (ती एका फायबरमधला उजेड अनेक घरांना वाटते) पावणेदोन किलोमीटर आत, मधे रान. एका घरासाठी एवढी केबल टाकायला ठेकेदार तयार नव्हता. मी म्हटलं, छपरावर टॉवरचा सिग्नल पकडणारा डबा बसवू, काम होईल.

फायबरचा हिशेब मला तोंडपाठ आहे. काचेचा तंतू 125 मायक्रॉनचा, त्यात उजेड वाहतो तो गाभा जेमतेम 9 मायक्रॉन. उजेड किती घटला ते आम्ही डेसिबलमध्ये मोजतो; टोकं सरळ कापून मशीनवर नीट जोडली तर जोडात 0.05 डेसिबलसुद्धा जात नाही. आठ घरांच्या स्प्लिटरवर मात्र साडेदहाच्या आसपास जातात. घरात मीटरवर उणे 22 दिसलं की मी निर्धास्त. वायर शाबूत असली तर मे महिन्यातला आकडा जुलैतही तोच. आणि त्या स्प्लिटरला वीज लागत नाही.

एप्रिलमध्ये काकींच्या छपरावरून टॉवर स्वच्छ दिसत होता. सिग्नल उणे 84 (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला), डाउनलोड 180 एमबीपीएस. फोटो काढला, अ‍ॅपमध्ये भरला, काम पूर्ण. मधे सागाची रांग होती, पण साग तेव्हा उघडा, नुसत्या काठ्या. सत्तरी तालुक्यात वाढलेल्या माणसाला जूनमध्ये सागाला सुपाएवढी पानं येतात हे कुणी शिकवावं लागत नाही. मला ते सुचलं नाही. सर्व्हेच्या अ‍ॅपमध्येही झाडांचा रकाना नाही, आणि याचा मला खरंच राग येतो. अक्षांश-रेखांश विचारतात, भिंतीचा रंग दिसेल असा फोटो मागतात, पण मधे काय उभं आहे ते विचारत नाहीत.

पोचलो तेव्हा पाऊस धो धो. छपरावर उणे 109. डाउनलोड कसंबसं 6, अपलोड जवळपास नाहीच. साडेतीन गिगाहर्ट्झची लहर ओल्या पानांत जिरते, चिऱ्याच्या भिंतीत तर त्याहून जास्त. शिवाय टॉवरच्या आवाजात जोर असतो, घरच्या डब्याचा आवाज बारीक, त्यामुळे आधी मरतं ते अपलोड. मुलाखतीला नेमकं तेच लागतं.

काका कोयता घेऊन आले, साग तोडूया म्हणाले. मी हात धरला. 1984 च्या वृक्ष कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते, आणि एका डब्यासाठी चाळीस वर्षांचं झाड पाडायचं हे मला पटलंही नसतं. मग मी डबा आणि पॉवर बँक घेऊन पोफळींतून भिजत फिरलो. गोठ्याच्या मागे, ओहोळावर आभाळ मोकळं होतं, तिथे उणे 92 मिळालं. वीस फुटांचा जीआय पाइप उभा केला, साठ मीटर लॅन केबल पाइपातून घरात आणली. अशी केबल शंभर मीटरपर्यंतच नीट चालते, ती त्याच्या आत होती म्हणून जमलं. डाउनलोड 70, अपलोड 9. बायने मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावून बघितला. काकींनी मला चहा आणि तांदळाचे गरम पोळे दिले.

रात्री वीज गेली. घरात इन्व्हर्टर होता. सकाळी दहाला टॉवरची बॅटरी संपली.

बायला स्कूटरवर मागे बसवून वाळपईला आणलं. तिथे एका जुन्या ग्राहकाच्या घरी फायबर आहे. वीज तिथेही नव्हती, पण राउटर इन्व्हर्टरवर आणि आमच्या एक्स्चेंजला जनरेटर. ओल्या केसांनीच ती मुलाखतीला बसली. चाळीस मिनिटांत चित्र एकदाही अडकलं नाही.

लोक विचारतात, आता वायर कशाला? पणजीत फ्लॅटसमोर टॉवर असेल तर वायरलेस खुशाल घ्या, फक्त त्या टॉवरवर संध्याकाळी किती घरं येतात ते आधी शेजाऱ्यांना विचारा. बऱ्याच टॉवरांच्या पायथ्याशी मीच फायबर जोडलंय, वाऱ्यावरचं इंटरनेट तिथे काचेतच उतरतं. वायरही तुटते, फांदी पडली की मी दोन दिवस रानात असतो. पण कुठे तुटली ते मला मीटरवर कळतं, आणि जोडल्यावर ती पुन्हा तशीच होते. काकींना मी एप्रिलमध्ये 'काम होईल' म्हणालो त्याऐवजी 'पावसाळा बघू' म्हणायला हवं होतं. तसं म्हटलं असतं तर तीन महिने त्यांच्याकडे काहीच नसतं, हेही खरं. यातलं बरोबर काय, माझं अजून ठरत नाही.

परतताना वाटेवरची घरं मोजली. सात आहेत. आठाच्या एका स्प्लिटरात सगळी बसतात. खांब एकोणचाळीस. ठेकेदाराला कागद दिलाय, गणेश चवथीनंतर बघू म्हणाला.