ओझी उचलत नाही, मग दमता कशाने?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "डॉक्टरांचं काम डोक्याचं, मग एवढ्या दमता कशाने?" रेसिडेन्सीच्या, म्हणजे एमबीबीएसनंतर हॉस्पिटलात राबत शिकण्याच्या, तीन वर्षांत हा प्रश्न मामांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारला.

मी मेडिसिनची. फर्स्ट इयरला आमची इमर्जन्सी ड्युटी सकाळी आठला सुरू व्हायची, ती दुसऱ्या दिवशीचा राऊंड उरकेपर्यंत. कॅज्युअल्टी तळमजल्यावर, वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर. सॅम्पल लॅबला पोचवा, रक्तपेढीतून पिशवी आणा, वॉर्डबॉय मामा एकटे असले की सीटी स्कॅनला पेशंटची ट्रॉली आपणच ढकला. बूड टेकायचं ते केसपेपर लिहिण्यापुरतं.

आणि सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या पेशंटची छाती दाबत राहणं. छाती 5 ते 6 सेंटिमीटर दबायला हवी, मिनिटाला 100 ते 120 वेळा, कोपरं न वाकवता. दर 2 मिनिटांनी माणूस बदलायचा असतो, कारण थकलेल्या हातांचा दाब उथळ पडतो आणि ते करणाऱ्याला कळतही नाही. एका पहाटे चारला आम्ही दोघीच होतो. एकीनं ॲम्बू (श्वास देणारी पिशवी) दाबायची, दुसरीनं छाती. पलंग उंच, म्हणून मी लोखंडी स्टुलावर उभी. तिसऱ्या पाळीला माझ्या मांड्या लटपटायला लागल्या, घाम पेशंटच्या अंगावर टपकत होता. पोटात काय, तर आदल्या दुपारचा अर्धा वडापाव.

उष्मांक मोजले तर उसाच्या फडात राबणाऱ्यांशी आमची बरोबरी होणार नाही, हे खरंच आहे. उभं राहायला, चालायला शरीराला विश्रांतीच्या दुप्पट-तिप्पट ऊर्जा लागते, फार नाही. पण ती सलग तीस तास लागते, आणि मध्ये ना जेवण, ना झोप. माणूस मोडतो तो तिथे.

सलग 12 तासांहून जास्त ड्युटी सहसा नको, असं केंद्र सरकारनं 1992 मध्येच लिहून ठेवलंय. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलानं आठवड्याला 74 तासांची मर्यादा सुचवली. ही सुचवलेली मर्यादासुद्धा नेहमीच्या 48 तासांच्या आठवड्याच्या दीडपट भरते.

आता मी शिकवते. इमर्जन्सीनंतरच्या सकाळी मुलांना आधी कँटीनला पाठवते, राऊंड मग. परवा फर्स्ट इयरची एक मुलगी पोह्यांची बशी पुढ्यात ठेवून तशीच टेबलावर डोकं टेकून झोपलेली दिसली. तिला उठवलं नाही. तिच्या पेशंटची सॅम्पलं मीच काढली.