रंग जातात ते खालून

राजस्थानातल्या शेखावाटीहून परतलेली माणसं तिथल्या हवेल्यांवरच्या भित्तिचित्रांचे फोनमधले फोटो दाखवतात, त्यात आगगाडी असते, विमान असतं, मोटारीत बसलेले साहेब असतात. ती चित्रं आहेतच तशी. पण मला त्या चित्रांखालच्या चुन्याबद्दल लिहायचंय. सातारा-वाई भागातल्या जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं मी करते. चुन्याचा गिलावा हा माझा रोजचा विषय. त्यामुळे नवलगढच्या पहिल्याच हवेलीत नजर आधी भिंतीच्या पायाकडे गेली.

थोडी पार्श्वभूमी. झुंझुनू, सीकर आणि चुरू या जिल्ह्यांत पसरलेला हा रेताड मुलूख. गुजरातच्या बंदरांतून दिल्लीकडे जाणारे उंटांचे तांडे इथून जायचे. इथले ठाकूर जयपूर-बिकानेरपेक्षा कमी जकात घ्यायचे, म्हणून व्यापारी इथे स्थिरावले. चुरूचे पोद्दार तर तिथल्या ठाकुराशी करावरून बिनसल्यावर उठून निघाले आणि 1791 च्या सुमारास त्यांनी रामगढ वसवलं. पुढे इंग्रजांनी व्यापार कलकत्ता-मुंबईच्या बंदरांकडे वळवला, तशी या घरांतली मुलं तिकडे गेली. कापूस आणि अफूच्या व्यापारातला पैसा गावाकडे आला आणि त्यातून हवेल्या उभ्या राहिल्या.

आपल्याला हे लांबचं वाटतं, पण माटुंग्याला शेजारी शेजारी असलेली रुईया आणि पोदार ही कॉलेजं याच घराण्यांची. रुईया रामगढचे, पोदार नवलगढचे. वर्ध्याला दत्तक आलेले जमनालाल बजाज सीकरजवळच्या काशी का बासचे. मुंबईत आणि विदर्भात कमावलेला पैसा त्या वाळवंटात कुठल्या रंगांत उमटला, हे मराठी माणसाने एकदा जाऊन बघावं असं मला मनापासून वाटतं. नवलगढची 1902 साली बांधलेली पोदार हवेली आता संग्रहालय आहे, तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

आता चुना. मुरवलेल्या चुन्यात संगमरवराची भुकटी घालून केलेल्या गुळगुळीत थराला तिकडे आराइश म्हणतात. आपल्याकडच्या निरूच्या, म्हणजे चुन्याच्या गुळगुळीत शेवटच्या थराच्या, कामाच्या जवळचं, पण त्याहून कितीतरी चिकाटीचं. चुना महिनोन्‌महिने पाण्यात मुरतो, त्यात दही पडतं, पाणी बदलत राहतं. खाली जाड थर, वर बारीक, त्याहून बारीक. शेवटचा थर ओला असतानाच त्यावर रंग चढतो. काजळीचा काळा, गेरूचा लाल, निळीचा निळा, हिरव्या मातीचा हिरवा. मग छोट्या थापीने हलके ठोके देत रंग आत बसवायचा, अकीकाच्या दगडाने घोटायचं आणि शेवटी खोबरं फिरवायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होतो आणि रंग त्या दगडात कैद होतो. म्हणजे चित्र भिंतीवर नसतंच, भिंतीत असतं. आणि गिलावा ओला आहे तोवरच हे जमतं, त्यामुळे जेवढं आज रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपायचा.

हे सगळं करणाऱ्यांना चेजारा म्हणतात. ते गवंडीही असायचे आणि चितारीही. भिंत उभारणारा आणि ती रंगवणारा हात बऱ्याचदा एकच. एका पोळीत, म्हणजे प्रवेशाच्या देवडीत, सकाळचं तिरपं ऊन आलं होतं. भिंतीला गाल लावून पाहिलं तर राधाकृष्णाच्या आकृतीभोवती रेघ कोरलेली दिसली, ओल्या चुन्यात टोकदार सळीने ओढलेली. कृष्णाच्या प्रभावळीच्या मध्यावर कंपासचं टोक टेकवल्याचं बारीक भोक होतं. रंग निम्मा गेलेला, पण रेघ ताजी. त्या भोकावर बोट ठेवून मी बराच वेळ उभी राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीहून रासायनिक रंग यायला लागले. झगझगीत निळा, लालभडक. चित्रांचा नूर पालटला. कोरड्या गिलाव्यावर डिंक-सरसात कालवून रंगवणं सोपं आणि झटपट, म्हणून बरंचसं काम तसं होऊ लागलं. म्हणूनच आतल्या दालनांतली वयाने लहान चित्रं पापुद्रे सोडतात आणि बाहेर उन्हापावसात उभा असलेला जुना गेरूचा हत्ती शाबूत असतो.

आता खरं दुखणं. गल्ल्यांत काँक्रीट ओतून रस्ते उंच झालेत, सांडपाणी जोत्याला लागून वाहतं. ओल भिंतीत चढते. चुना ओल बाहेर सोडतो, भिंत श्वास घेते. पण लोणा लागला, म्हणजे ओलीबरोबर आलेले क्षार भिंतीवर फुटले, की मालक किंवा राखणदार खालच्या चार फुटांना सिमेंटचा गिलावा मारून घेतात. मग पाण्याला तिथून बाहेर पडता येत नाही. ते वर चढतं, सिमेंटची हद्द संपते तिथे चुन्यातून बाहेर येतं आणि सोबतच्या क्षारांचे स्फटिक रंगाच्या मागे फुगतात. चित्र आतून ढकललं जातं. एका हवेलीत मी हा पट्टा बघितला. सिमेंटच्या वर हातभर उंचीपर्यंत घोड्यांचे पाय गायब आणि त्यावर स्वार तसेच बसलेले. मेणवलीसारख्या आपल्या चित्रं असलेल्या वाड्यांचीही मला हीच धास्ती वाटते.

त्यावर उपाय म्हणून ऑइलपेंटने नवे पाय रंगवणारेही आहेत. मला ते बघवत नाही. आधी सिमेंट काढा, पाण्याला वाट द्या, जोत्यालगतचं गटार हलवा, चुना पुन्हा चुन्यानेच भरा. रंगाला हात लावायची वेळ त्यानंतर येते, आणि अनेकदा येतही नाही. अर्थात हे सांगणं सोपं. एका हवेलीचे वारस अनेक शहरांत विखुरलेले, सगळ्यांच्या सह्या जमेपर्यंत छत बसतं, कोरीव दरवाजे जुन्या वस्तूंच्या बाजारात पोचतात. ज्यांनी मनावर घेतलं त्यांचं म्हणून मोल मोठं. शेखावाटीतल्याच फतेहपूरची 1802 सालची हवेली नदीन ल प्रिन्स या फ्रेंच चित्रकर्तीने 1998 मध्ये विकत घेतली आणि सावरली.

मंडाव्यात एका वयस्कर मिस्त्रींशी गप्पा झाल्या. आराइश अजून येते का, विचारलं. म्हणाले, "येते की. पण चुना मुरेपर्यंत थांबणारा मालक मिळत नाही." मी म्हटलं, "मिस्त्रीजी, आमच्याकडेही हेच." मग ते आपला घोटणीचा दगड दाखवायला घरात घेऊन गेले.

जाणार असाल तर हिवाळ्यात जा आणि हवेल्या सकाळी लवकर बघा. कोरलेल्या रेघा तिरप्या उन्हातच दिसतात. राखणदाराला विचारल्याशिवाय जिना चढू नका, वरचे मजले बऱ्याच ठिकाणी पोकळ झालेत. आणि फोटो काढताना एखादा भिंतीच्या खालच्या चार फुटांचाही काढा, तारीख टाकून ठेवा. पुढच्या वर्षी कुणी गेलं तर ओल किती चढली ते ताडून बघता येईल. माझ्याकडचे असे फोटो हवे असतील तर कळवा, पाठवते.