पाच सह्यांचं बेअरिंग

मंगळवार, रात्री

कंपनी मोठी झाली की कामं रेंगाळतात, आणि ठपका बसतो माणसांच्या आळसावर. एका इंडेंटचा, म्हणजे माल मागवणाऱ्या कागदाचा, प्रवास पाहिला तर तसं दिसत नाही.

बेअरिंग हवं म्हणून मेंटेनन्सवाला इंडेंट भरतो. विभागप्रमुख, स्टोअर्स, परचेस, फायनान्स, प्लांट हेड, अशा पाच सह्या. एकेकाचं काम १० मिनिटांचं, म्हणजे सगळं मिळून ५० मिनिटं. पण दर टेबलावर कागद एक दिवस पडला की कामाचा आठवडा संपला. त्यात ‘तीन कोटेशन नाहीत’, ‘कॉस्ट सेंटर (खर्च ज्या विभागावर टाकायचा तो) चुकलं’ म्हणून प्रत्येक टेबल दहातला एक कागद परत पाठवत असेल, तर पहिल्या फेरीत पार होतात शंभरातले ५९च.

सह्या वाढतात ऑडिटच्या शेऱ्यांमुळे. कुठेतरी एक खरेदी महागात पडते आणि एक सही वाढते. पुढे ती काढायची जोखीम कोण घेणार? सही वाढवणारा दक्ष ठरतो, काढणारा पुढच्या घोटाळ्याचा धनी. अधिकाराच्या मर्यादाही गोठून जातात. विभागप्रमुखाला १०,००० रुपयांपर्यंत खरेदीचा अधिकार असेल आणि महागाई वर्षाला ६ टक्के, तर १२ वर्षांत तो अधिकार निम्मा उरतो. मग मर्यादेत बसावं म्हणून २८,००० च्या मालाची तीन इंडेंटं होतात. ती ऑडिटला सापडली की आणखी एक नियम!

ब्रिटिश इतिहासकार सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये ब्रिटिश नौदलाचे आकडे मांडले होते: १९१४ ते १९२८ दरम्यान मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या, मुख्यालयातले अधिकारी-कारकून मात्र २,००० वरून ३,५६९ झाले. अधिकारी एकमेकांसाठी कामं निर्माण करतात, हे त्यांचं निरीक्षण ईआरपी (कंपनीचा कारभार संगणकावर चालवणारी प्रणाली) आल्यावरही खोटं ठरलेलं नाही. कागद गेले, टेबलं तेवढीच राहिली.

उपाय रुक्ष आहेत. मर्यादा दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवायची. प्रत्येक नव्या नियमावर संपण्याची तारीख टाकायची. मुदतवाढ हवी असेल त्याने कारण लिहून द्यावं. छोट्या खरेदीला आधी सही नको, महिनाअखेर २० बिलं उचलून तपासावीत. एका दिवसात हरकत आली नाही तर इंडेंट मंजूर धरावं. पुरवठादाराचं बँक खातं बदलण्याची विनंती मात्र या सवलतीतून वगळायची. तिथे दोन सह्या हव्यातच, शिवाय आपल्याकडच्या जुन्या नोंदीतल्या नंबरवर फोन करून खात्रीही.