खांबाचा मोजा घसरला

गेल्या वेळी ठाण्यातल्या, नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या गेटाजवळच्या दिव्याच्या खांबाचा फोटो टाकला होता. त्याला चढवलेलं ते लोकरीचं विणलेलं लाल-पिवळं कव्हर आता नाही. पहिल्याच मोठ्या सरीत घसरलं आणि शाळकरी पोराच्या मोज्यासारखं बुडाशी गोळा होऊन बसलं.

चूक माझीच. खांबाचा घेर ४७ सेंमी, म्हणून मीही ४७ सेंमीच विणलं. पण ताणून बसवल्याशिवाय ते खांबाला धरत नाही. शिवाय ॲक्रिलिक लोकर स्वतः फारसं पाणी पीत नसली तरी टाक्याटाक्यांत पाणी अडकतं, आणि त्या वजनाने सगळं खाली ओढलं जातं. सुती दोऱ्याचं तर नावच नको, ठाण्याच्या जुलैत तो वाळतच नाही.

जगभरचे आपले लोक यार्न बॉम्बिंगचा, म्हणजे रस्त्यावरचे खांब, झाडं असं काहीबाही विणकामाने मढवण्याचा, दिवस ११ जूनला करतात, पहिला २०११ मध्ये झाला. हवामान खात्याच्या पंचांगात मुंबईत पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीखही ११ जूनच! म्हणून आपला मुहूर्त दसऱ्यानंतर.

सगळं उसवलं. लोकर धुऊन नुसती टांगली. वाफ दिली तर ॲक्रिलिकची उसळी कायमची जाते. आता ५ मिमीच्या सुयांवर १० सेंमीत १६ टाके, म्हणून या वेळी मुद्दाम घेरापेक्षा कमी, ४१ सेंमीसाठी ६६ टाके, दोन सुलट दोन उलट. आतून दर २० सेंमीवर क्रोशाने मुक्या खांबांची (हा क्रोशाचा आखूड, घट्ट टाका) एक ओळ, ती ताणली जात नाही. शेजारच्या काकू बघून म्हणाल्या, "अगं, खांबाला खांबाचाच टेकू?"

तलावपाळीची, म्हणजे तलावाकाठची झाडं का नाही मढवत, असं तुमच्यापैकी दोघींनी विचारलं. ओलं कव्हर सालीला चिकटून राहणं मला पटत नाही, आणि रस्त्यावरचं काही घ्यायचं तर परवानगी लागेल. इथे सेक्रेटरींचा होकार आहे. यार्न बॉम्बिंगची सुरुवात जिच्यापासून मानतात त्या मॅग्दा सायेगनेही २००५ मध्ये ह्यूस्टनला सुरुवात स्वतःच्या दुकानाच्या दाराच्या मुठीपासूनच केली होती.

९० पैकी ५८ सेंमी झालंय. पिवळी संपली, नव्या लॉटचा रंग जुळत नाही, म्हणून मध्ये हिरवा पट्टा येईल. वायरिंगच्या झाकणापुरती शिवण न घालता तीन बटणं लावणार आहे. मागच्या वेळी इलेक्ट्रिशियनने थेट कात्रीच मागितली होती.