कान नसलेला ससा

मृत समुद्राकाठच्या एन गेदीला आम्हाला मिळाली चाळीस मिनिटं. त्याच्या पुढच्या दुकानात, जिथे मृत समुद्राचा चिखल डब्यांत भरून विकतात, तिथे एक तास वीस मिनिटं. २०१९ च्या फेब्रुवारीतली ती यात्रा आठवली की बेथलेहेमच्या, येशूच्या जन्माच्या गुहेआधी मला तो चिखलच आठवतो. देव क्षमा करो.

वसईहून निघालेला आमचा चाळीसेक जणांचा गट. नाझरेथ, गालील, बेथलेहेम, यरीहो सगळं झालं. पाय दुखले, मिस्सा झाल्या, रोज रात्री हॉटेलात भारतीय जेवण म्हणून तेच पनीर झालं. त्यावर मी फार लिहिणार नाही, कारण यात्रेहून आलेला प्रत्येक जण तेच सांगतो.

मला लिहायचंय ते प्राण्यांबद्दल. सुरुवात झाली यरुशलेमच्या सिंहद्वारापाशी. क्रुसाच्या वाटेला निघायचं होतं, फादर घाई करत होते, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना कोरलेल्या जनावरांकडे बोट दाखवत आमचा तिथला गाईड म्हणाला, "हे सिंह नाहीत, बिबटे आहेत." सोळाव्या शतकात सुलतान सुलेमानने तटबंदी बांधली तेव्हाचं हे दार. पण ही जनावरं त्याच्याही आधीची, तेराव्या शतकातल्या इजिप्तच्या मामलुक सुलतान बैबार्सच्या चिन्हातली, असं जाणकार मानतात. म्हणजे इतकी वर्षं लोक बिबट्यांना सिंह म्हणत त्या दारातून ये-जा करतायत.

मला गंमत वाटली, कारण लहानपणापासून प्रवचनांत सिंहाचं नेमकं काय करायचं हेच मला कळलेलं नाही. याकोब आपल्या मुलाला यहूदाला सिंहाचा छावा म्हणतो, तिथून तो थेट मसीहापर्यंत पोचतो. आणि पेत्राच्या पत्रात सैतान कसा? तर गर्जणाऱ्या सिंहासारखा, कोणाला गिळू म्हणत फिरणारा. ख्रिस्तही तोच, सैतानही तोच! प्रकटीकरणात, बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, तर स्वर्गातला एक वडीलधारा सांगतो, बघ, यहूदाचा सिंह. आणि योहान बघतो तर समोर वधलेला कोकरा उभा. मी लहान असताना धर्मशिक्षणाच्या वर्गात बाईंना विचारलं होतं, "मग सिंह गेला कुठे?" बाईंनी मला मागच्या बाकावर बसवलं. खरा सिंह त्या भूमीतून मध्ययुगातच गेला, हे मला बरंच नंतर कळलं.

तर एन गेदी. यरुशलेमहून बस उतरत उतरत समुद्रसपाटीच्याही सव्वाचारशे मीटर खाली जाते, कान बंद होतात, आणि सगळं जग भाजलेल्या विटेच्या रंगाचं होतं. त्यात अचानक ही हिरवी घळ, झरे आणि धबधबे. नावाचा अर्थच करडाचा झरा. शौल राजा तीन हजार माणसं घेऊन दावीदला मारायला शोधत इथल्या रानबकऱ्यांच्या खडकांत आला होता. एका गुहेत तो नेमका शौचाला शिरला आणि आत दावीद लपलेला. दावीदने त्याला मारलं नाही, गुपचूप झग्याचा काठ तेवढा कापला. हा भाग सांगताना गाईडने आवाज खाली आणला आणि आमच्या गटातले तीन काका मोठ्याने हसले.

रानबकऱ्या शोधाव्या लागल्या नाहीत. बस थांबते तिथेच, शौचालयाच्या भिंतीला लागून, एक मादी आणि तिचं करडू आरामात चाललं होतं. वर कड्यावर नर उभा. शिंगं मागे वळून जवळजवळ पाठीला टेकलेली, त्यांवर गाठी गाठी. हिब्रूत या जनावराला याएल म्हणतात, आणि तिकडे मुलींचं हे नाव अगदी सर्रास. बायबलच्या शास्ते पुस्तकात शत्रूचा सेनापती सीसरा याच्या कानशिलात तंबूची मेख ठोकणाऱ्या बाईचंही नाव हेच. नाव रानशेळीचं आणि काम असलं.

माझ्याबरोबर मावशी होती, आणि मावशीचे गुडघे. तिने धबधब्यापर्यंत यायला साफ नकार दिला. "तू जा, मी बसते इथे सावलीला." मी धावत वर गेले, धबधबा पाहिला, मोबाइलवर तीन वाईट फोटो काढले, धावत खाली आले. मावशी बाकावर अगदी निश्चल बसलेली. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं.

तिच्यापासून हातभर अंतरावर दगडावर एक घूस बसली होती.

घूसच वाटली मला. मग नीट पाहिलं. शेपूट नाही. वाळूच्या रंगाची दाट लव, बसणं बेकरीतून आत्ताच काढलेल्या पावासारखं, काळं ओलं नाक, वरच्या ओठाखालून डोकावणारे दोन दात. पाय मात्र विचित्र: पुढे चार बोटं, नखं बारक्या खुरांसारखी, तळवे रबरी बुटाच्या तळासारखे. जबडा सारखा आडवा हलत होता, तोंडात काही नसताना.

"कान कापलेला ससा," मावशी कुजबुजली.

गाईड म्हणाला, शाफान, म्हणजे इंग्रजीतला हायरॅक्स. आणि मग मला एकदम उलगडलं. स्तोत्र १०४ मध्ये उंच डोंगर रानबकऱ्यांना दिलेत आणि खडक शाफानांना. हा तो! युरोपातल्या भाषांतरकारांनी हे जनावर कधी पाहिलेलंच नव्हतं, म्हणून जुन्या इंग्रजी बायबलात त्याचा ससा झाला, लूथरच्या जर्मनमध्येही ससाच. गाईड म्हणाला, हसू नका, आमच्या पोरांनाही शाफान म्हटलं की ससाच डोळ्यांपुढे येतो, आणि भित्र्या माणसालाही आम्ही शाफानच म्हणतो. प्रत्यक्षात याचे जवळचे नातेवाईक म्हणजे हत्ती. हे ऐकून मावशीने त्या पावाकडे संशयाने पाहिलं.

लेवीय पुस्तकात याला खायला अशुद्ध ठरवलंय: रवंथ करतो पण खूर दुभंगलेले नाहीत. रवंथ तो खरं तर करत नाही, पण त्या हलत्या जबड्याकडे दोन मिनिटं बघितलं की लिहिणाऱ्याची चूक मनापासून पटते. त्यानेही बहुतेक असंच, हातभर अंतरावर बसून बघितलं असणार. नीतिसूत्रांत आगूर नावाचा माणूस मात्र याला पृथ्वीवरच्या चार लहान पण शहाण्या जीवांत घालतो. मुंगी, टोळ, पाल आणि हा: अंगात बळ नाही, म्हणून घर खडकात. पुढे दोनच ओळींवर सिंह येतो, कोणापुढेही मागे न हटणारा. त्या सिंहावर मी शंभर प्रवचनं ऐकलीत. शाफानावर एकही नाही. आणि स्तोत्रात तर तो कशाचं प्रतीकसुद्धा नाही. खडक त्याचा आहे, एवढंच. ईयोबालाही देव विचारतो, रानबकऱ्या कधी वितात ते तुला ठाऊक आहे का? ठाऊक नसतं. विषय संपला.

तिथे प्राण्यांना खायला घालायला सक्त मनाई आहे, आणि ती पाळावी. आता कबूल करते, मावशीच्या पर्समधलं एक मारी बिस्किट माझ्या गैरहजेरीत कमी झालं होतं.

तेवढ्यात शाळेची सहल आली. पन्नासेक मुलं, कोणाच्या तरी पाठीवर गाणी वाजवणारा स्पीकर, मागे बंदूकधारी रक्षक. वरच्या खडकावर एक शाफान पहाऱ्याला होता हे मला तोवर दिसलंच नव्हतं. त्याने एक कर्कश शीळ घातली, आणि आमचा पाव नाहीसा झाला. पळताना दिसलासुद्धा नाही. फट होती, त्यात तो होता.

आमच्याही गाईडने शिट्टी मारली. बसची वेळ झाली.

दुकानात लोकांनी चिखल घेतला, मीठ घेतलं, मावशीने सुनेसाठी हाताचं क्रीम घेतलं. मी फ्रिजवर लावायच्या चुंबकांपाशी उभी होते. यहूदाचा सिंह होता, चार आकारांत. कोकरू होतं, कबुतर होतं, उंट तर ढिगाने. मी शाफान मागितला. विक्रेतीने खाली वाकून खण धुंडाळला आणि सशाचं चुंबक काढून दिलं.

"लांब कान आहेत याला," मी म्हटलं.

"घे गं," मावशी म्हणाली, "घरी जाऊन कापू."