७४ नंबरचा पहिला सीझन

काल आमच्या लीगचा सीझन संपला आणि आज दिवसभर काहीतरी हरवल्यासारखं वाटतंय. इतके आठवडे रोज सकाळी चहा ठेवला की आधी लॅपटॉप उघडायचा, रात्रीतून गेम सिम झाली का (म्हणजे कॉम्प्युटरने खेळवली का), ७४ चं, म्हणजे माझ्या प्लेअरचं, काय झालं ते बघायचं, आज पण सवयीने उघडला आणि कालचाच स्कोअर तिथे तसाच. मग वही काढली. दर आठवड्याला दोन-चार ओळी लिहीत गेले होते त्या सगळ्या वाचल्या, आणि वाटलं की हे नीट एकदा लिहून ठेवावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. ही अमेरिकन फुटबॉलची लीग आहे पण खरी माणसं मैदानात नाहीत, कॉम्प्युटर खेळतो. प्रत्येकाने एकच प्लेअर बनवायचा, आठवड्याचं ठरलेलं ट्रेनिंगचं काम करून पॉइंट मिळवायचे आणि ते पॉइंट ताकद, चपळाई, वेग, पास ब्लॉकिंग, रन ब्लॉकिंग असल्या रकान्यांत टाकायचे. बस. गेम सुरू झाली की आपल्या हातात काहीही नसतं, ना बटण ना जॉयस्टिक, आपण जे आकडे भरले त्यांच्या जोरावर तो बिचारा तिकडे एकटा उभा.

मी टॅकल बनवला. डावा टॅकल. सहा फूट पाच इंच, ३१० पाउंड म्हणजे आपले १४० किलो, जर्सी ७४.

सगळ्यांनी विचारलं की क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) का नाही, रिसीव्हर (तो झेलणारा) का नाही, निदान डिफेन्समधे तरी काहीतरी कर जिथे नाव येईल. ऑफेन्सिव्ह लाईनमन कोणी घेतच नाही आमच्याकडे, म्हणून अर्ध्याअधिक टीमच्या लाईनमधे बॉट, म्हणजे कोणाचेच नसलेले कॉम्प्युटरचे प्लेअर, उभे असतात. पाच जणांची ती लाईन, मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, कडेला दोन टॅकल, आणि पाचही जणांचं काम एकच की मागच्या क्वार्टरबॅकला कोणी हात लावता कामा नये. बॉल त्यांच्याकडे येत नाही, पुढे फेकलेला पास तर नियमानेच झेलता येत नाही.

पण मला हे काम माहीत होतं. डोंबिवलीत आमचं मुलींचं गोविंदा पथक होतं आणि मी अंगाने थोराड, त्यामुळे पहिल्या वर्षापासून बेसला. बेसला उभं राहिलेल्याला वर काही दिसत नाही हो. मान खाली, शेजारणीच्या खांद्यात हात अडकवलेले, डोळ्यासमोर फक्त पाय आणि चिखल. वर किती थर लागले, एक्का चढला की नाही, हे खांद्यावर वजन कसं सरकतंय त्यावरून कळायचं आणि मग लोकांच्या आवाजावरून. ही लाईन पण तशीच आहे, क्वार्टरबॅक पाठीमागे असतो, त्याने बॉल फेकला की नाही हे लाईनमनला दिसतच नाही, समोरचा माणूस अचानक थांबला किंवा स्टेडियम ओरडलं की कळतं. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी खरंच सोफ्यावरून उठून उभी राहिले होते.

२०२१ च्या ऑगस्टमधे क्लीव्हलंडला आले तेव्हा मला या खेळातलं काहीही कळत नव्हतं. इथे ऑफिसात सोमवारी सकाळी ब्राउन्सशिवाय, म्हणजे इथल्या टीमशिवाय, दुसरा विषय नसतो, त्यामुळे बघायला लागले. मग जो थॉमसबद्दल ऐकलं. हा ब्राउन्सचा डावा टॅकल, २००७ च्या ड्राफ्टमधे, म्हणजे टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, तिसऱ्या नंबरवर घेतलेला, आणि त्या दिवशी सगळे सूट घालून न्यूयॉर्कला बसलेले असताना हा वडिलांबरोबर लेक मिशिगनवर मासे पकडत होता. तिथून पुढे सलग १०,३६३ स्नॅप (एक स्नॅप म्हणजे एक डाव) खेळला. म्हणजे टीमचा ऑफेन्स मैदानात आहे आणि हा नाही असं दहा वर्षांत एकदाही झालं नाही, २०१७ च्या ऑक्टोबरमधे दंडाचा स्नायू फाटला तेव्हा थांबला. आणि टीम कशी, तर २०१६ मधे १६ मॅचपैकी १ जिंकलेली. आयुष्यात एक प्लेऑफ मॅच, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीची, त्याच्या वाट्याला आली नाही. तरी २०२३ मधे हॉल ऑफ फेममधे गेला. ते आहे कॅन्टनला, इथून तासाभरावर, मी त्या वर्षी थंडीत एकटी जाऊन त्याचा ब्राँझचा पुतळा बघून आले. बराच वेळ उभी होते. हरणाऱ्या टीमसाठी माणूस एवढी वर्षं रोज तसाच उभा राहतो हे मला फार मोठं वाटतं, अजूनही वाटतं.

तर ड्राफ्ट. आमच्या लीगच्या ड्राफ्टमधे चौथ्या राउंडला गेले. वाईट वाटून घेतलं नाही, कारण तोपर्यंत वाचून झालं होतं की खऱ्या लीगमधला जेसन केल्सी सहाव्या राउंडचा, जॉर्डन मायलाटा तर सातव्या राउंडला २३३ व्या नंबरवर, आणि तो ऑस्ट्रेलियातून रग्बी खेळून आलेला, त्याने त्याआधी अमेरिकन फुटबॉलची एक मॅच खेळलेली नव्हती. आज ईगल्स टीमचा डावा टॅकल तोच.

पहिल्या गेमनंतर वहीत एवढंच लिहिलंय: "पॅनकेक ०, सॅक ३. वाईट." लाईनमनच्या नावापुढे दोनच आकडे येतात. समोरच्याला उताणा पाडला तर तो पॅनकेक, आणि आपण अडवायच्या माणसाने आपल्याला चुकवून क्वार्टरबॅकला पाडलं तर तो सॅक आपल्या नावावर. ३ सॅक म्हणजे तीन वेळा माझ्यामुळे आमचा क्वार्टरबॅक जमिनीवर. तो प्लेअर ज्याचा आहे तो माणूस काही बोलला नाही, उलट त्याने हसरा इमोजी टाकला, पण मला रात्री झोप नाही लागली.

दुसऱ्या दिवशी जीएमचा, म्हणजे आमची टीम चालवणाऱ्याचा, मेसेज आला. तो फिनलंडचा आहे, फार कमी बोलतो. त्याने लिहिलं की तुझ्या जागी बॉट ठेवला असता तर काल कदाचित एखादा सॅक कमी झाला असता, पण बॉट शेवटच्या गेमलाही आज आहे तेवढाच असेल. मी ते वाक्य मराठीत करून वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

मग पॉइंटांचा प्रश्न. मी सुरुवातीला सगळे ताकदीत टाकत होते कारण मनात चित्र तेच, एवढा मोठा माणूस, ढकलेल. चूक होती. रकाना जसा वर चढतो तसा एकेक आकडा महाग होत जातो, आणि सॅक तर येत होते कडेने पळत येणाऱ्यांकडून, जे मला ढकलतच नव्हते, वळसा घालून जात होते. हे मला सांगितलं आमच्या उजव्या गार्डने. कॅनडातले निवृत्त शिक्षक आहेत, मी मनात त्यांना मास्तर म्हणते. लीगमधला हा त्यांचा तिसरा प्लेअर आणि तिन्ही लाईनमन. ते म्हणाले आकडे नंतर बघ, आधी खऱ्या टॅकलचे पाय बघ.

म्हणून २०२१ ची सुपर बोल, म्हणजे खऱ्या लीगची फायनल, परत लावली. चीफ्स टीमचे दोन्ही नेहमीचे टॅकल दुखापतीने बाहेर होते आणि त्यांच्या क्वार्टरबॅकचं, महोम्सचं, काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, ३१-९ ने हरले, एक टचडाउन नाही. पण मी ठरवून बॉल बघितलाच नाही. फक्त डावा कोपरा. एकेक प्ले चार-चार वेळा मागे घेऊन. आणि दिसायला लागलं, टॅकल सरळ मागे जातच नाही, तिरका सरकतो, बाहेरचा पाय आधी मागे, आतला पाय घासत त्याच्यामागून, ढुंगण खाली, पाठ ताठ, हात समोरच्याच्या छातीवर आतल्या बाजूने. हात बाहेर गेले आणि जर्सी पकडली तर होल्डिंग, दहा यार्ड मागे. पहिल्या दोन पावलांत उशीर झाला की पुढचं सगळं धावाधाव, आणि त्या रात्री महोम्स जवळजवळ प्रत्येक पासला मागे पळताना दिसतो. मग समोरचे दोघं मधेच जागा बदलतात ती भानगड वेगळीच, आपला माणूस गार्डकडे सोपवायचा आणि गार्डचा आपण घ्यायचा, अर्ध्या सेकंदात, न बोलता. मी इथे स्वयंपाकघरात मोजे घालून ती पावलं टाकून बघितली, दहा मिनिटांत मांड्या भरून आल्या.

डाव्या टॅकलचं महत्त्व का, तर उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे वळते, तिकडून येणारा त्याला दिसत नाही. १८ नोव्हेंबर १९८५ ला लॉरेन्स टेलरने जो थाइसमन या क्वार्टरबॅकला पाडलं, पाय मोडला आणि तो परत कधी खेळलाच नाही. ती क्लिप मी एकदाच बघितली, परत बघणार नाही. पण आमच्या क्वार्टरबॅकची ती बाजू माझ्याकडे आहे हे त्यानंतर मला जड वाटायला लागलं, कॉम्प्युटरमधला असला तरी.

सगळे पॉइंट चपळाई आणि पास ब्लॉकिंगकडे वळवले.

सहाव्या आठवड्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, सगळं नीट झालं, पण मी चार दिवस फोनला चिकटलेली आणि ऑफिसातही रिलीज होती, आणि रविवार रात्रीची मुदत निघून गेली. आठवड्याचं ट्रेनिंग भरलंच नाही. ५ पॉइंट गेले. ऐकायला काहीच नाही, पण बाकीचे रूकी, म्हणजे पहिल्याच सीझनचे प्लेअर, एक पायरी वर चढले आणि ७४ तिथेच. टीमला सॉरी लिहिलं तर मास्तरांनी आधी आईचा डोळा कसा आहे ते विचारलं. सगळ्यांनी तेच विचारलं, ब्राझीलचा पोरगा जो आमचा रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, चालवतो त्याने पण. पॉइंटाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

बाबा दर रविवारी विचारतात. इथली सकाळ, त्यांची संध्याकाळ. "काय गं, तुझा पैलवान उभा राहिला का आज?" त्यांना खेळ कळत नाही पण सॅक हा शब्द पक्का कळलाय, आकडा कमी हवा एवढं माहीत आहे. आई मागून ओरडते, त्याला नाव का नाही ठेवलंस. नाव आहे, पण घरी तो ७४ च.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. अकराव्या आठवड्यात आम्ही जिंकलो आणि ब्राझीलच्या पोराच्या रनिंग बॅकने १४० यार्ड काढले. मी प्ले-बाय-प्ले वाचत होते, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक प्लेची एक ओळ लिहितो, कोण पळाला, कुठल्या बाजूने, किती यार्ड. लाईनमनचं नाव त्यात जवळजवळ कधीच नसतं. पेनल्टी झाली तर असतं, सॅक झाला तर असतं. आणि वाचता वाचता दिसलं, डावीकडून, ७ यार्ड. डावीकडून, ४. मधून, १. डावीकडून, १२. डावीकडून, ९. चौथ्या क्वार्टरमधे पुढे असताना टीम सलग डावीकडूनच पळत होती. डावीकडून म्हणजे माझ्यामागून. त्या एका शब्दात मी होते, प्रत्येक ओळीत होते. मी पेन्सिल घेऊन ते सगळे मोजले, १७ वेळा. वहीत १७ आकड्याभोवती गोल केलाय आणि पुढे काहीच लिहिलेलं नाही.

शेवटची गेम जिंकलो असतो तर प्लेऑफ होती. ३ पॉइंटनी हरलो, शेवटचा फील्ड गोल बाहेर गेला. किकर ज्याचा आहे तो काल बोललाच नाही कोणाशी, आज जरा बोलतोय. माझ्या नावापुढे पॅनकेक २, सॅक ०. अख्ख्या सीझनचं सांगायचं तर पहिल्या आठ गेममधे ११ सॅक, नंतरच्या आठमधे ३.

काल रात्री ब्राझीलच्या पोराने टीमच्या डिस्कॉर्डवर लिहिलं. खऱ्या लीगमधे क्वार्टरबॅक आणि रनिंग बॅक ख्रिसमसला आपल्या लाईनला भेटवस्तू देतात ना, तसं त्याने स्वतःच्या लीगमधल्या पगारातून आम्हाला दोघांना ट्रेनिंग घेऊन दिलं, मास्तरांना आणि मला. आणि खाली यादी लिहिली, ज्यांच्यामागून मी पळालो ते, आणि त्यात पाच नंबर होते. आमचे दोन आणि तीन बॉटचे. बॉटचे पण नंबर लिहिले त्याने, डावीकडून उजवीकडे, जसे उभे राहतात तसे. मी ती यादी बाबांना वाचून दाखवली आणि वाचता वाचता माझा आवाज गेला, तर ते म्हणाले, "७४ पहिलाच आहे की गं यादीत." डावा टॅकल, म्हणून पहिला.

मोबाईलवर दर शनिवारी रात्री नऊचा गजर लावून ठेवलाय ट्रेनिंगसाठी. उद्यापासून ऑफसीझनचं ट्रेनिंग उघडतंय आणि माझ्याकडे १२ पॉइंट साठलेत. सगळे चपळाईत घालायचे की थोडे रन ब्लॉकिंगला ठेवायचे ते मास्तरांना विचारलंय, त्यांच्याकडे आत्ता संध्याकाळ असेल, उत्तर येईपर्यंत जागी आहे.