कडू लागलं तर हात वर करा

"कडू लागलं की लगेच हात वर करा," हे फिट टेस्टच्या, म्हणजे मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का ते तपासायच्या दिवशी मी वीसेक वेळा तरी सांगते. क्षयरोग वॉर्डातल्या त्या सिस्टरनी हात वर केला नाही, आणि ते अजून माझ्या मनातून जात नाही.

एन-९५ घातला म्हणजे झालं, असं सगळ्यांना वाटतं. पण गालाशी फट असेल तर हवा गाळणीतून कशाला जाईल? ती फटीतूनच आत शिरते. म्हणून डोक्यावर हूड, म्हणजे डोकं-चेहरा झाकणारं आवरण, चढवून आत कडू द्रावण फवारायचं. मास्क असताना कडू लागलं, तर कुठेतरी फट आहे. आधी मास्कशिवाय चव कळते का ते बघायचं. सिस्टरना १० फवाऱ्यांतच कळली. चूळ भरली, चव जाऊ दिली, मास्क चढवला. वरचा पट्टा डोक्यामागे उंच, खालचा कानांखालून मानेवर. नोज क्लिप, म्हणजे नाकावरची पट्टी, त्या एका हाताच्या चिमटीने दाबत होत्या. तशी दाबली की मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची, हे इतकी वर्षं वॉर्डात राबणाऱ्या बाईला कुणी दाखवलं नव्हतं. याचा मला फार राग येतो.

दर ३० सेकंदांनी ५ फवारे. साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवीकडे, वर-खाली. सगळं ठीक. मग उतारा मोठ्यानं वाचायचा. तिसऱ्या ओळीला त्या अडखळल्या, आवंढा गिळला, पुन्हा वाचू लागल्या. जबडा हलला की मास्कची कड हनुवटीवरून सरकत होती.

"सिस्टर, कडू लागतंय?"

"नाही, मॅडम."

मी हूड काढला. डोळे भरलेले.

"मी नापास झाले तर माझ्या ड्युट्या त्या दोघींवर पडणार. आणि लहान साइज स्टोअरमध्ये आहे कुठे?"

"अहो, परीक्षा मास्कची आहे, तुमची नाही."

माझ्या कपाटात लहान साइजचे पाच नमुने होते. तोंडाची चव गेल्यावर त्यावर पुन्हा टेस्ट घेतली. पूर्ण उतारा सलग वाचला त्यांनी. पण पाच मास्क किती दिवस पुरणार? खरेदी विभागाला मी तीनदा लिहिलंय. 'हा सगळ्यांना बसतो' हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यांनी एकदा हूडखाली बसून बघावं.

संध्याकाळी जुनं रजिस्टर काढलं. गेल्या वर्षी, याच मोठ्या मास्कवर, सिस्टरच्या नावापुढे 'पास'. खाली सही माझी. त्या पानावर अजून अकरा नावं आहेत. सोमवारपासून एकेकीला परत बोलावतेय.